सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, पण नीट बोलणारं माणूस कुठं मिळेल? (सोलापूर)

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. माहिती हवी म्हणून धागा काढतोय. वाद घालायचा असेल तर तोही घाला, पण आधी माहिती द्या.

प्रश्न माझ्या वहिनीचा आहे. आम्ही अशोक चौकाच्या बाजूचे, म्हणजे शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वहिनी विड्या वळते. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. तेव्हापासून झोप नाही, छातीत धडधड, रात्री उठून दाराची कडी तपासत बसायची. घरच्यांनी आधी जे करतात ते सगळं केलं, तुम्हाला माहीतच आहे काय काय करतात ते. मग एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांबद्दल तक्रार नाहीच. गोळ्या फुकट मिळाल्या आणि गुणही आला. आता झोपते, दोन घास खाते.

डॉक्टरच म्हणाले की नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, हिच्याशी कुणीतरी सलग बोलायला हवं. समुपदेशनाची चिठ्ठी दिली. गाडी अडली ती इथं.

पार्टिशन घालून केलेली खोली, दार उघडं, दारात पुढचे दोघंतिघं उभे. सासूला बाहेर थांबा असं कुणी म्हटलं नाही, त्यामुळं आमची आई खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. मॅडम तरुण होत्या, स्वभावानं चांगल्या होत्या. मराठीत विचारलं, काय त्रास होतो? वहिनी म्हणाली, "काही नाही, बरी आहे." ती सगळ्यांना हेच सांगते. मराठी येतं तिला, पण बाजारापुरतं आणि कारखान्यात माल द्यायला गेल्यावर लागतं तेवढं. बाळाबद्दल ती मराठीत काय बोलणार? मॅडमनी सांगितलं, जास्त विचार करू नका, मन रमवा, सकाळी चालायला जा, पुढच्या वेळी मिस्टरांना आणा. दहा मिनिटांत बाहेर. पुढच्या खेपेला मॅडम बदललेल्या. नव्या मॅडमनी परत नावगावापासून सुरुवात केली. बाळाचं दोनदा सांगावं लागलं म्हणून वहिनीनं तिथं जाणंच सोडलं. शिवाय तिकडं दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली.

तर विचारायचं हे की तेलुगू बोलणारी, बाईमाणूस असलेली, आठवड्याला तासभर देणारी व्यक्ती सरकारी दवाखान्यात किंवा आम्हाला परवडेल अशा दरात सोलापुरात मिळते का? की समुपदेशन म्हणजे एवढंच असतं? असेल तर तसं सांगा, नाद सोडतो.

शेंगा_चटणी

एवढंच नसतं. नाद सोडू नका. मी पैसे भरून घेतलंय, तासाला हजार रुपये, ऑनलाइन, पुण्यातल्या मॅडम. फरक पडला. पण हजार रुपये दर आठवड्याला देणारं घर आणि विड्या वळणारं घर एक नाही, हे कळतं. वाचतोय.

निळीशाई

मी याच क्षेत्रातली. शेजारच्या जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमात काही वर्षं मानसशास्त्रज्ञ होते. आत काय चालतं ते सांगते, म्हणजे त्या मॅडमवर फार राग धरणार नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे १९८२ चा. त्याखाली जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून सुरू झाला. त्याचा नमुना ठरला बेल्लारी जिल्ह्यात, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. जिल्ह्याला एक चमू असावा अशी कल्पना: मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. कागदावर छान आहे. पण यातली बरीच पदं कंत्राटी, करार अकरा महिन्यांचे. क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि पुनर्वास परिषदेची (अशा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी ठेवणारी केंद्राची संस्था) नोंदणी असलेली मुलगी त्या मानधनावर किती दिवस राहणार? तिला पुण्यात दुप्पट मिळतात. आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय असेल तर तिथं शिकाऊ मुलं फिरतीवर असतात. मॅडम बदलल्या त्या बहुतेक अशा.

दुसरी गोष्ट बाहेर कुणाला दिसत नाही. सरकारी मानसशास्त्रज्ञाचा मोठा वेळ बुद्ध्यांक चाचण्यांत जातो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं असलेली मुलं आणि त्यांचे आईबाप तालुक्यांतून सकाळीच येऊन बसलेले असतात. त्यांना परत पाठवता येत नाही, पाठवूही नये, त्यांची पेन्शन आणि सवलती त्या कागदावर अवलंबून असतात. एका चाचणीत तास-दीड तास जातो. उरलेल्या वेळात 'समुपदेशनासाठी' अशी चिठ्ठी घेऊन आलेल्यांची रांग. महिन्याच्या अहवालात किती रुग्ण तपासले याचा रकाना होता. एकाच बाईला सलग आठ आठवडे पाहिलं, हे लिहायला जागा मी तरी पाहिली नाही. मग काय होणार? दहा मिनिटं आणि 'मन रमवा'.

नीट चालणाऱ्या उपचारात व्यक्ती तीच राहते, वार ठरलेला असतो, दार बंद असतं. पहिल्या एकदोन भेटींत नेमकं कशावर काम करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं. सल्ला देणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. तुमच्या वहिनीच्या बाबतीत तर सल्ल्याचं काम जवळजवळ नाहीच. तिला त्या दिवसाबद्दल, बाळाबद्दल, लोकांनी काय काय ऐकवलं त्याबद्दल बोलायला मिळायला हवं. आणि ते सासूसमोर होणार नाही.

आता कायद्याचं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, लागू झाला २०१८ च्या मेमध्ये. कलम १८ म्हणतं की परवडेल अशी, चांगल्या दर्जाची, घराच्या जवळ सेवा मिळणं हा हक्क आहे. कलम २२ मध्ये उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देण्याची जबाबदारी आहे. कलम २३ गोपनीयतेचं. याच कलम १८ मध्ये असंही आहे की किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेता येतात आणि खर्च सरकारनं सोसायचा. असा खर्च मिळवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर इथं सांगा.

सध्यापुरतं एवढं करा. पुढच्या वेळी केसपेपर काढताना 'समुपदेशन' असं मोघम न विचारता क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात ते विचारा. आत गेल्यावर आधीच सांगा की पेशंटला एकटीनं बोलायचंय. भाषांतराला घरचं माणूस देऊ नका, तेलुगू येणारी परिचारिका मिळते का बघा. आणि १४४१६ वर फोन करा. टेली मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट. तेलुगू मागा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले तर मात्र फोनवर थांबू नका, तडक दवाखान्यात न्या, रात्रीही तातडीच्या विभागात घेतात.

कट्टेकरी

मोठं पोस्ट वाचलं. प्रश्न एवढाच की आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, त्यातली चार गेली. त्या कुणाकडं तासाला हजार द्यायला गेल्या होत्या? शेजारणीशी बोलल्या, रडल्या, उठल्या, कामाला लागल्या. आता माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हा खरा रोग आहे.

शेंगा_चटणी

आज्या उठून कामाला लागल्या हे खरं. आतून बऱ्या झाल्या की नाही ते कुणी विचारलं होतं का? माझी आजी शेवटपर्यंत एका विशिष्ट तारखेला जेवायची नाही. कारण तिच्या मरणानंतर कळलं.

भीमाकाठ

आमच्याकडचं ऐका की ओ. आम्ही अक्कलकोट तालुक्यातले, पार कडेला, घरात कन्नड. तात्या गेल्यापासून (कर्जाचं प्रकरण, जास्त लिहीत नाही) धाकटा भाऊ बोलायचाच बंद झाला. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी मानसिक आजाराचे डॉक्टर येतात. लई गर्दी. गोळ्या देतात, पुढच्या महिन्याची तारीख देतात. बोलायचं असंल तर सोलापूरला जा म्हणतात. सोलापूरला जायचं म्हणजे सकाळची एसटी, दिवसाचं काम बुडलं, आणि तिथं गेल्यावर ह्यो कन्नडमधनं दोन शब्द बोलणार. समोरचं माणूस मराठी. मीच मधी बसून सांगलालो होतो. भावाच्या मनातलं भावानंच सांगायचं आणि त्याच्या देखत! त्यो गप्पच.

अजून एक. सरकारनं २०१५ साली शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला. त्यात समुपदेशन, आशाताईंनी घरोघर जाऊन चौकशी, मदतीसाठी फोनचा १०४ नंबर वगैरे. पण ते मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांना. धाराशिव त्यात हाय, सोलापूर न्हाई. आमच्या पावण्यांचं गाव तुळजापूर तालुक्यात, त्यांच्या दारात आशाताई येऊन विचारून गेली. आमच्यावर शिक्का पश्चिम महाराष्ट्राचा, पाऊस मातूर मराठवाड्यासारखा तुटपुंजा.

रात्रपाळी

रेसिडेंट डॉक्टर आहे, मानसोपचार विभाग, गाव सांगत नाही. धाग्याचा सूर 'गोळ्या देऊन बोळवण' असा होऊ नये म्हणून लिहितोय. तीव्र नैराश्यात, भास होणाऱ्या आजारात गोळ्यांनीच माणूस बोलण्याच्या अवस्थेत येतो. धागाकर्त्यांच्या वहिनींची झोप परत आली ती कमी समजू नका.

बाकी आरोप मान्य आहे. ओपीडीच्या दिवशी माणशी पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात औषधाचा डोस ठरवू, दुष्परिणाम विचारू, की तुमचं बाळ कसं गेलं ते विचारू? विचारलं आणि ती बाई रडायला लागली तर मला तिला रडू द्यायला वेळ नसतो, म्हणून विचारतच नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. आमच्या अभ्यासक्रमात मानसोपचाराच्या पद्धती आहेत, केसेस लिहून द्याव्या लागतात. पण सहा महिन्यांनी पोस्टिंग बदलली की पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात.

नळ_बंद

एक वेगळा मुद्दा. माणूस मिळालं, वेळ मिळाला, मराठीत बोललं, तरीही फुकट गेलं, असंही होतं.

मला ओसीडी आहे, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा. हात धुणं, नळ तपासणं, गॅस तपासणं. आयडी त्यावरूनच, हसा खुशाल. सरकारीत गोळ्या चालू होत्या, एका संस्थेच्या मोफत केंद्रात समुपदेशनही मिळालं, अगदी आठवड्याला पाऊण तास. ताई मायाळू होत्या. मी म्हणायचो, ताई, हात स्वच्छ झालेत का खात्री वाटत नाही. त्या म्हणायच्या, झालेत हो, स्वच्छ आहेत. मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घरी गेल्यावर आणखी जोरात सुरू व्हायचं. नंतर कळलं की ओसीडीत असा दिलासा देत राहणं म्हणजे आजाराला खतपाणी. याला वेगळी पद्धत लागते, ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते ते मुद्दाम करायचं आणि त्यानंतर धुवायचं नाही, तपासायचं नाही. पायरीपायरीनं. बसस्टँडच्या बाकाला हात लावायचा आणि तसंच बसून राहायचं, घालमेल आपोआप खाली येईपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या वेळी मला घाम फुटला होता.

हे शिकलेलं माणूस मला सोलापुरात सरकारी यंत्रणेत सापडलं नाही. शेवटी उद्यान एक्स्प्रेस पकडून बेंगळुरूला निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. केंद्राची संस्था असल्यामुळं खर्च आवाक्यात होता. महाग पडलं ते राहणं आणि बुडालेली रजा. सुरुवातीचं तिथं केलं, नंतरचं व्हिडिओवर. आज नळ एकदाच तपासतो, क्वचित दोनदा. तेव्हा 'समुपदेशन घ्या' अशी चिठ्ठी मिळाली की कशासाठी आणि कोणत्या पद्धतीचं हे विचारा. मधुमेहाला आणि मोडलेल्या हाताला एकच गोळी कुणी देत नाही ना.

शेंगा_चटणी

@नळ_बंद, हसलो नाही. उलट आमच्या चुलतभावाला हे वाचायला पाठवतोय. तो स्कूटरचं लॉक बघायला तीन मजले उतरतो.

यात भर म्हणून, खासगीत जाणाऱ्यांनी पाटीला भुलू नका. थोड्या दिवसांचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेले भरपूर आहेत. पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला की काही लोक एकदम बिझी होतात.

लीड्सकर_मूळ_सोलापूर

मी इथं इंग्लंडात आहे. लोकांना वाटतं इकडं सगळं आलबेल असेल, म्हणून लिहितो.

इथल्या सरकारी सेवेत २००८ पासून बोलण्याच्या उपचारांची वेगळी यंत्रणा उभी केली. आधी आयएप्ट म्हणत, २०२३ पासून नाव एनएचएस टॉकिंग थेरपीज. फॅमिली डॉक्टरकडे न जाता आपणच नाव नोंदवता येतं, पैसे लागत नाहीत. शंभरातल्या ७५ जणांना सहा आठवड्यांत आणि ९५ जणांना अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. दर भेटीला दोन प्रश्नावल्या भरून घेतात, नैराश्याची नऊ प्रश्नांची, चिंतेची सात प्रश्नांची. त्यावरून सुधारणा मोजतात. दुभाषा मागता येतो. माझ्या शेजारच्या पंजाबी मावशींना फोनवरून दुभाषा दिला होता.

आता गोम. पहिली भेट लवकर मिळते, घड्याळ तिथं थांबतं, दुसरी भेट कधी ते विचारू नका. सौम्य त्रास असेल तर आधी ऑनलाइन धडे, पुस्तिका, गटवर्ग. आणि लहानपणी अत्याचार झालेला, वर्षानुवर्षं स्वतःला इजा करून घेणारा माणूस आला की ही सेवा म्हणते, तुमचं आमच्यासाठी फार गुंतागुंतीचं आहे. वरची सेवा म्हणते, तुम्ही आमच्याइतके आजारी नाही. माझा सहकारी या दोन दारांच्या मधे दीड वर्ष होता. मिळणाऱ्या ठरावीक भेटी संपल्या की फाईल बंद.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोण किती थांबलं, कोण सुधारलं, हे आकडे इथं जाहीर होतात. त्यामुळं भांडायला निदान कागद असतो.

निळीशाई

@लीड्सकर, हे महत्त्वाचं. आपल्याकडं थांबणाऱ्यांची यादीच नसते. एकदा येऊन परत न आलेला माणूस 'बरा झाला' की 'कंटाळला' हे कुणी बघत नाही.

पदवीधर माणसं मिळत नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? गोव्यात एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, नैराश्य असलेले ४९५ लोक. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले तिथलेच लोक, नीट शिकवून तयार केलेले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्धा-पाऊण तासाची, केंद्रात किंवा पेशंटच्या घरी. पद्धत एकच, नेमकी: माणसानं सोडून दिलेली रोजची कामं आणि माणसं हळूहळू परत जोडून द्यायची, अडचणी एकेक सोडवायच्या. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा तीन महिन्यांनी स्पष्ट जास्त सुधारणा दिसली. आता विचार करा, पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या, दहावी-बारावी झालेल्या बायका कमी आहेत का? अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या? नळ_बंद यांच्या आजाराला हे पुरणार नाही, वरचं माणूस लागेलच. पण धागाकर्त्यांच्या वहिनींसारख्या कितीतरी जणींना इथंच मदत मिळू शकेल.

पूर्वभागवाला

@निळीशाई, कल्पना पटते. पण आमच्या गल्लीत गल्लीतलीच बाई आली तर संध्याकाळपर्यंत पार विडी घरकुल वसाहतीपर्यंत बातमी पोचलेली असेल. वहिनी तिच्यापुढं मराठीतसुद्धा तोंड उघडणार नाही.

निळीशाई

बरोबर. म्हणून नेमणूक दुसऱ्या वॉर्डात करायची, आणि भेट केंद्रात. लसीकरणाला आल्यासारखी बाई आत येते, कुणाला कळत नाही. बाहेर कुणाचं बोलायचं नाही हे तर प्रशिक्षणाचा पहिला दिवस.

कट्टेकरी

हे ठीक वाटतं. शेजारीणच, पण शिकलेली आणि तोंड बंद ठेवणारी. माझी आधीची कमेंट मी मागे घेत नाही, पण याला विरोध नाही.

पूर्वभागवाला

दोन आठवड्यांनी लिहितोय. १४४१६ लावला. उचलणाऱ्या मराठी होत्या. तेलुगू हवं म्हटल्यावर परत फोन येईल म्हणाल्या, मला वाटलं झालं. पण आला. अडचण निघाली भलतीच: एका खोलीच्या घरात ती बोलणार कुठं? शेवटी खालचे माग चालू असताना ती वर गच्चीवर जाऊन बोलली, त्या खडखडाटात शेजारच्यालाही ऐकू जात नाही. बराच वेळ बोलली. काय ते मी विचारलं नाही. परत फोन केला तर दुसऱ्या बाई होत्या, पुन्हा पहिल्यापासून. तरी म्हणते, अजून एकदा करीन.

रुग्णालयातही जाऊन आलो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद आहे का भरलेलं, तर खिडकीवरचे म्हणाले 'वर विचारा', वरचे म्हणाले 'खाली विचारा'. तेव्हा माहिती अधिकारात विचारायचं ठरवलंय: जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञांची पदं किती, भरलेली किती, समुपदेशनासाठी बंद दाराची खोली आहे का, तेलुगू-कन्नड-उर्दू बोलणारं कुणी आहे का. अर्ज कसा करायचा कुणी सांगेल का?

भीमाकाठ

साध्या कागदावर. वर जन माहिती अधिकारी, खाली कार्यालयाचं नाव. धा रुपयाचं कोर्ट फी स्टँप लावा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असंल तर झेरॉक्स जोडा, पैसे न्हाईत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "का नाही" असलं विचारू नका, उडवून लावतात. पदं किती, रिकामी किती, कधीपासून, असं विचारा. एक प्रत आपल्याकडं, त्यावर पोचीचा शिक्का घ्याच. आणि ग्रामीण रुग्णालयांचं पण घाला त्यात, अक्कलकोटचं नाव लिहून. मी वेगळा अर्ज टाकतो, दोन गेले तर बरं.

निळीशाई

'मंजूर पदं, भरलेली पदं, कंत्राटी की नियमित' असे तीन रकाने तक्त्यात मागा. आणि गेल्या वर्षभरात अपंगत्व प्रमाणपत्रासाठी किती चाचण्या झाल्या तेही विचारा. मसुदा इथं टाका, मी बघून देते.